पिशवीतली पानं

लोक माझ्याकडे पानं घेऊन येतात. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणी वहीत दाबून, कुणी नुसती मुठीत धरून. तणशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि निवृत्त झालो तरी हा ओघ थांबलेला नाही. प्रश्न ठरलेला असतो, "सर, हा कसला रोग?" पुष्कळदा तो रोग नसतोच. शेजारी कुठेतरी तणनाशक मारलेलं असतं आणि त्याची खूण त्या पानावर उमटलेली असते.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एक शिक्षिकाबाई गुलाबाचा शेंडा घेऊन आल्या. पालवी सुईसारखी अरुंद, पिवळट-पांढरी आणि एकाच डोळ्यातून झुपक्यानं फुटलेली होती. तीन वेगवेगळी बुरशीनाशकं मारून झाली होती, शेणखत, निंबोळी पेंडही घालून झाली होती. मी विचारलं, "ग्लायफोसेट कुणी मारलं?" त्या दचकल्याच. गुलाबावर कुणी काही मारलेलं नव्हतं. फक्त फाटकापासूनच्या वाटेवर, फरशांच्या सांध्यांत गवत माजलं होतं, ते एका माणसाकडून फवारून घेतलं होतं. कधी? ऑक्टोबरात, गुलाबाची छाटणी झाली त्याच आठवड्यात.

तिथेच सगळं कळलं. ग्लायफोसेट १९७४ साली बाजारात आलं. अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीतल्या जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञानं त्याचा तणनाशक गुण १९७०मध्ये ओळखला होता. वनस्पतीला प्रथिनं बांधण्यासाठी लागणारी काही अमिनो आम्लं ज्या एन्झाइममुळे तयार होतात, त्यालाच ते अडवतं. हिरव्या भागातून आत शिरलं की झाडात तयार झालेल्या साखरेबरोबर वाहत ते मुळांपर्यंत आणि वाढत्या शेंड्यांपर्यंत पोचतं. म्हणून तर हरळी जमिनीखालच्या काड्यांसकट मरते. मातीत पडलेलं मात्र मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि मुळं ते फारसं उचलत नाहीत. "मातीत पडलं तर झाडाला काही होत नाही" असं दुकानदार सांगतात ते यामुळे, आणि ते खोटं नाही. पण गुलाबाची फांदी हिरवी असते. कोवळी, हिरवी साल पानासारखंच औषध पिते. छाटणीनंतर उघड्या पडलेल्या त्या फांद्यांवर वाऱ्यानं चार थेंब आले. ते आत गेले आणि डोळे फुटेपर्यंत तिथेच दबा धरून बसले.

पपई, केळी, नुकतं लावलेलं आंब्याचं कलम, यांनाही हीच भीती. कढीपत्त्याला तर दुहेरी. त्याच्या मुळांवरून फुटवे येतात, लोक त्यांना तण समजून फवारतात आणि महिन्याभरात मूळ झाडच झडायला लागतं. फुटवा आणि आई एकाच मुळावर असतात. तो खुरप्यानं खणूनच काढायचा.

दुसरी पिशवी मला नेहमी आठवते ती टोमॅटोची. पानं वाटीसारखी वळलेली, देठ पिळवटलेले, शिरा एकमेकींना समांतर ओढलेल्या. हे टू-फोर-डीचं लक्षण. हे औषध झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. रुंद पानांची तणं त्यानं वेडीवाकडी वाढून मरतात, गवतवर्गीय पिकं टिकतात, म्हणून उसात आणि ज्वारीत ते चालतं. टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांना मात्र त्याचा अगदी अंशही सोसत नाही. या गृहस्थांनी टू-फोर-डी कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी शेतकरी मेव्हण्याचा पंप आणला होता, दोनदा पाण्यानं विसळला होता आणि त्यातून कीटकनाशक मारलं होतं. पंपाच्या नळीत, वॉशरमध्ये, नोझलच्या जाळीत हे औषध लपून राहतं. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी नळीतून नोझलपर्यंत खेळवून रात्रभर भरून ठेवावं लागतं, नंतर साध्या पाण्यानं तीनदा धुवावं लागतं, आणि ते धुवण झाडांत ओतायचं नसतं. एवढं करूनही मी म्हणेन, तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत 'तण' लिहा. टू-फोर-डी मारलेल्या हिरवळीचं कापलेलं गवतही कुंड्यांत आच्छादन म्हणून घालू नका. पहिल्या काही कापण्यांचं तर नाहीच.

ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला. त्याआधी २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं होतं. अनेक देशांच्या नियामकांना ते मान्य नाही, वाद चालूच आहे. माझं मत विचाराल तर घरच्या बागेत हे औषध आपल्या हातानं मारूच नये. सोसायटीनं माणूस बोलावलाच, तर त्याच्यासोबत उभं राहा. बाटलीवरचं लेबल वाचा. हिरवा त्रिकोण म्हणजे माणसाला त्यातल्या त्यात कमी विषारी, तुमच्या जास्वंदीला नव्हे. नोझल चपट्या पंख्यासारख्या झोताचं हवं. बारीक धुकं उडवणारं, कीटकनाशकाचं नोझल नको. दाब कमी, नोझलवर प्लॅस्टिकचं झाकण, हात खाली, आणि झाडाचं पान हलत असेल तर त्या दिवशी काम बंद.

आणखी एक गोष्ट मला झोप लागू देत नाही. ग्लायफोसेट मारलेलं गवत लगेच पिवळं पडत नाही. आठवडाभर ते हिरवंगार, निर्मळ दिसतं. आपली दूर्वा म्हणजे हीच हरळी. गणपतीच्या दिवसांत पहाटे कुणी आजी सोसायटीच्या कडेला वाकून एकवीस दूर्वा खुडते, कुणी पावसाळ्यात टाकळा नाहीतर घोळीची भाजी खुडते, कुणाची शेळी तिथे चरते. त्यांना कोण सांगणार? फवारलेल्या जागेभोवती सुतळी ताणून चिंधी बांधायला पाच मिनिटं लागतात. मी जिथे जिथे गेलो तिथे हे सांगितलं, आणि फार थोड्या ठिकाणी केलेलं पाहिलं.

लव्हाळ्याचं काय, हे सगळेच विचारतात. जमिनीतल्या त्याच्या गाठी माळेसारख्या गुंफलेल्या असतात आणि बऱ्याचशा निजलेल्या. वरून मारलेलं औषध जागत्या गाठींपर्यंत पोचतं, निजलेल्या राहतात. काळं प्लॅस्टिक तर तो टोचून वर येतो. बागेपुरता उपाय जुनाच. मे महिन्यात वाफा खोल खणायचा आणि गाठी उन्हात कडकडीत वाळू द्यायच्या. नंतर पावसाळ्यात कोंब दिसला की लगेच खुरपायचा, त्याला नव्या गाठी धरायला उसंत द्यायची नाही. दोन-तीन वर्षं लागतात. मीठ घालू नका, त्यानं मातीच नासते.

यंदा छाटणीला मी त्या शिक्षिकाबाईंकडे गेलो होतो. फरशांच्या सांध्यांतलं गवत त्या आता विळ्याच्या टोकानं काढतात आणि वर उकळतं पाणी ओततात. सात गुलाबांपैकी पाच सावरलेत, एक गेला. उरलेल्या एकाच्या एका फांदीला अजून सुईसारखी पानं येतात. मी कात्री लावायला गेलो तर त्यांनी हात धरला. बागकामाला नवा माणूस आला की त्याला आधी ती फांदी दाखवतात.