बिनतरतुदीचं खातं

पुणे

तीर्थस्वरूप काकांस,


‘मंत्री झालास आणि घरात पेढासुद्धा नाही’ हा तुमचा टोमणा पोचला. आता मंत्रिपदाची मुदत संपली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

मी मंत्री होतो तो नेशनस्टेट्स या इंटरनेटवरच्या खेळातल्या एका प्रदेशात. हा खेळ मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने २००२ साली स्वतःच्या ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ या कादंबरीची जाहिरात म्हणून काढला. कादंबरी येऊन गेली, खेळ मात्र अजून जोरात आहे. प्रत्येकाने एक देश काढायचा, समोर येणारे पेच निकाली काढायचे. असे अनेक देश मिळून एक प्रदेश. खेळात पूर्वी संयुक्त राष्ट्रसंघही होता, पण खऱ्या संघाने नावाला हरकत घेतली आणि २००८मध्ये त्याचं ‘वर्ल्ड असेम्ब्ली’ झालं. (लुटुपुटीच्या संघालाही नोटीस येते म्हटल्यावर मला तर खेळाबद्दल आदरच वाटला.)

प्रदेशाची घटना, निवडणुका, न्यायालय, खाती हे सगळं खेळाडूंनी आपसांत ठरवून उभं केलेलं. खेळाच्या यंत्रणेला त्याचा पत्ताही नसतो. असेम्ब्लीच्या सदस्य देशांनी प्रदेशात सर्वांत जास्त पाठिंबा कोणाला दिला, तेवढंच ती मोजते आणि त्याला प्रतिनिधी करते. हा हिशेब दिवसातून दोनदा होतो, त्यातला मोठा आपल्याकडे सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरू होतो. अमेरिकेत घड्याळं मागे गेली की साडेदहाला. नेमका तोच मुहूर्त साधून बाहेरची टोळी आत शिरते, एकमेकांना पाठिंबा देते आणि प्रतिनिधीची गादी बळकावते. मग आमची घटना आणि आम्ही मंत्री, सगळे कागदावर.

माझ्याकडे गृहखातं होतं. पोलीस नाहीत, तुरुंग नाही. नवे आलेले टिकवणं एवढंच काम. तरतूद किती, हे तुम्ही आधी विचाराल. शून्य. शिवाय कुणाची बदली करता येत नाही, गोपनीय अहवाल लिहिता येत नाही, वेतनवाढ रोखता येत नाही. तुमची हयात सामान्य प्रशासनात गेली. या तीन गोष्टी काढून घेतल्या असत्या तर मंत्रालयाचा एक मजला तरी चालला असता का?

आमचं चालत होतं. आधीच्या मंत्र्यांच्या स्वागतपत्रात घटनेची कलमं, खात्यांची जंत्री आणि शेवटी ‘शंका असल्यास विचारावे’ असं होतं. कोणी काही विचारत नसे. खात्यातल्या एका मुलीने ते सगळं उडवून एकच प्रश्न ठेवला: तुमच्या देशाचा राष्ट्रीय प्राणी कोणता, आणि तोच का? उत्तरं यायला लागली. एकाने डास निवडला होता. त्याच्याशी डासांच्या अर्थव्यवस्थेवर आठवडाभर वाद चालला आणि पुढे तोच खात्यात येऊन नव्यांना पत्रं पाठवू लागला. माझ्या एकाही आदेशाने एवढं साधलं नाही.

आदेशांची हौस मात्र सगळ्यांनाच दांडगी. उपमंत्री, सहसंचालक, विशेष कार्य अधिकारी... काम करणाऱ्यांपेक्षा पदं जास्त. आणि गंमत म्हणजे पद मिळालं की माणूस दिसेनासा व्हायचा. त्यामुळे मी नेमणुका थांबवल्या आणि ‘या आठवड्यात हे एवढं करशील का?’ असं एकेकाला विचारू लागलो. काही नाही म्हणत. तेही बरंच, निदान कळायचं.

सगळ्यात कंटाळवाणं काम हजेरीचं. अठ्ठावीस दिवस कोणी फिरकलं नाही तर त्याचा देश नाहीसा होतो. सुट्टीवर असल्याची नोंद केली तर साठ दिवस मिळतात. त्यामुळे यादी काढून, मुदत भरत आलेल्यांना ‘येताय ना?’ म्हणून निरोप धाडायचे. कुणाची परीक्षा असते, कुणाच्या घरी आजारपण. हा निरोप मी कधी दुसऱ्यावर सोपवला नाही.

आता नव्या मंत्र्यांना कार्यभार द्यायचा आहे. नमुने, याद्या, पत्रांचे मसुदे तयार आहेत. अडलंय ते माणसांपाशी. कोण रात्री कितीही काम करेल पण सकाळी उत्तर देणार नाही, कोणाला चारचौघांत शाबासकी दिली की संकोच होतो, कोणत्या दोघांना एका कामावर घेऊ नये, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. लिहिलं तर ज्यांच्याबद्दल आहे ते उद्या वाचतील. न लिहिलं तर नवे मंत्री पुन्हा पहिल्यापासून चाचपडतील. तुम्ही टेबल सोडताना हे नोंदीत घालत होतात, की मागून येणाऱ्या माणसाला कँटीनमध्ये नेऊन सांगत होतात? तेवढं कळवा, रविवारच्या आत कळवलंत तर उपयोग होईल.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या