वेळासचा किनारा

मार्च, वेळास. सकाळी सातला कुंपणातल्या घरट्यावरची टोपली उचलली. कासवांची इवलीशी काळसर पिल्लं एकमेकांच्या पाठीवर पाय देत वर आलेली, डोळ्यांच्या कडांना वाळू चिकटलेली. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. लाटेपर्यंतची वाळू त्यांनी स्वतःच तुडवायची.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये इथं कासवं वाचवायचं काम सुरू केलं. तोवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी एकतर माणसं न्यायची, नाहीतर कोल्हीकुत्री. मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते. पहाटे तिचा माग काढायचा, अंडी अलगद उचलायची आणि कुंपणात तेवढ्याच खोल, तशाच सुरईसारख्या खड्ड्यात पुन्हा ठेवायची. पुढचे पन्नासेक दिवस वाळूची ऊब. ती वाढली की माद्याच जास्त निपजतात, म्हणून लवकर तापणाऱ्या उन्हाची मला धास्ती वाटते.

२००६ पासून कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. नुसता बंदीचा फलक लावून अंडी राखणं साधलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्या ओसरीवर कासवांमुळे पाहुण्यांची पंगत बसते, तीच माणसं अंधारात उठून किनारा पालथा घालतात.