अर्धी कमान

मार्टिन व्हान हेमस्केर्क हा डच चित्रकार 1532 नंतर काही वर्षे रोममध्ये होता. तेथील फोरमच्या त्याच्या एका शाईच्या रेखाटनाची छापील प्रत आम्ही रनाळ्याच्या एका विद्यार्थ्यापुढे ठेवली. भग्न स्तंभ, आणि इ. स. 203 मध्ये उभारलेली सेप्टिमियस सेव्हेरसची विजयकमान. अशा चित्राखाली ‘गतवैभवाचा शोक’ लिहून मोकळे होणे ही मराठी रसग्रहणाची जुनी खोड. शेतकऱ्याच्या या मुलाने मात्र विचारले, “सर, कमान एवढी बुटकी कशी?”

प्रश्न मातीचा होता. कमान बुटकी नव्हतीच. शतकांच्या गाळात आणि राडारोड्यात ती अर्धी गाडली गेली होती. त्या जागेला कित्येक शतके ‘काम्पो व्हाच्चिनो’, म्हणजे गुरांचे रान, म्हणत. कमानीचा पायथा मोकळा झाला तो 1803 च्या उत्खननात. हेमस्केर्कने रोमचे पतन रेखाटलेले नाही. आपल्या काळातील जमिनीची पातळी रेखाटली आहे. शोक (असलाच तर) वाचणाऱ्याचा, रेषेचा नव्हे, असे आमचे मत. सहकाऱ्यांना ते अद्याप मान्य नाही.

तो विद्यार्थी तोवर वहीत, जमिनीच्या रेषेखाली, कमानीचे उरलेले खांब पेन्सिलीने काढत होता.