उलट्या फिरणाऱ्या बॉम्बची गोष्ट

एकही लढाई न दाखवता युद्धावर कादंबरी लिहिता येते, आणि आपल्या वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीत जन्मलेल्या माणसाने ती १९३९ सालीच मराठीत लिहून ठेवली आहे, हे मला या पावसाळ्यात कळलं. तेव्हापासून आमच्या रोहणा गावात जो भेटेल त्याला थांबवून मी हेच सांगतोय. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’! वाचलं नसेल तर आजच मिळवा.

युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव मुठीत धरून सुटलेली ज्यू माणसं. त्यांत हॅर्टा आहे. आणि प्रेमात पोळून निघालेला, बायकांवरचा विश्वास उडालेला चक्रधर आहे. दोघं एकमेकांत गुंततात, मुंबई येते, तो उतरतो आणि तिची बोट पुढे जाते. मग येतात तिची पत्रं, आणि अखेर तिने समुद्रात उडी घेतल्याची बातमी. बस्स. तोफ नाही, खंदक नाही, सेनापती नाही. पण युद्ध माणसाचं काय करतं ते पानापानावर आहे. आणि पत्रांची योजना तर बघा! पत्र हातात पडेपर्यंत लिहिणारी कुठे असेल, असेल तरी का, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. तिचा आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि तिच्यापर्यंत पोचायची वाट बंद झालेली असते. ती हतबलता बेडेकर शब्दांत सांगत बसत नाहीत, नुसत्या मांडणीतून आपल्यावर आणून सोडतात.

त्या तंद्रीतच मी कर्ट व्हॉनेगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ उघडली आणि झोप उडाली. १९४५च्या फेब्रुवारीत दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर जाळलं, तेव्हा हा अमेरिकी सैनिक तिथेच युद्धकैदी होता. कत्तलखान्याच्या तळघरात होता म्हणून वाचला. आणि हे लिहायला त्याला १९६९ साल उजाडलं! पहिल्या प्रकरणात तो स्वतःच समोर येतो आणि हे पुस्तक लिहिणं आपल्याला किती जड गेलं ते सांगतो. मग नायक बिली पिल्ग्रिम. त्याच्यासाठी काळाचा दोराच तुटलाय. डोळे मिटले की म्हातारपण, उघडले की युद्धकैद्यांची छावणी, मधेच परग्रहावरचं प्राणिसंग्रहालय! सुरुवातीला गोंधळायला होतं. मग लख्ख कळतं, की ज्याने ते शहर जळताना पाहिलं त्याचं आयुष्य पुन्हा सरळ रेषेत चालणारच नाही. मोडलेल्या माणसाची गोष्टही मोडूनच सांगावी लागते.

त्यातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतोय. बिली युद्धाचा सिनेमा बघतो आणि तो त्याला उलटा दिसतो. आगी आक्रसत जातात, बॉम्ब जमिनीवरून वर उठून विमानांच्या पोटात शिरतात, भोकं पडलेली विमानं धड होतात, मागे मागे उडत तळावर परततात. बॉम्ब कारखान्यात जातात, तिथे बायका ते सुटे करतात, आणि त्यातली खनिजं पुन्हा जमिनीत खोल पुरली जातात, कुणाला इजा करू नये म्हणून. सगळं तेच, फक्त क्रम उलटा, आणि संहाराची गोष्ट माणसं बरी करण्याची गोष्ट होते! युद्धाविरुद्धचं एवढं ताकदीचं भाषण मी ऐकलेलं नाही, आणि त्यात भाषण कुठेच नाही.

लगोलग जोसेफ हेलरची ‘कॅच-२२’ (१९६१). तिथे वेडा ठरलेल्या सैनिकाला लढाऊ विमानोड्डाणांतून सुट्टी मिळू शकते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि जो अर्ज करतो तो शहाणा ठरतो. हसू येतं. पण स्नोडेन नावाच्या पोराचं मरण हेलर तुकड्या-तुकड्याने सांगतो, पुन्हा पुन्हा तिथेच येतो, दर खेपेला थोडं जास्त उघडतो. पूर्ण दृश्य जवळजवळ शेवटी कळतं, आणि तोवरचं सगळं हसू घशात अडकतं.

समीक्षक व्हॉनेगट-हेलरना उत्तराधुनिक म्हणतात, बेडेकर त्यांच्या कितीतरी आधीचे. पण तिघांनी एकच धाडस केलंय. युद्धकथा ज्यावर जगते ते सगळं त्यांनी काढून घेतलंय: बेडेकरांनी रणभूमी, व्हॉनेगटने काळाचा क्रम, हेलरने हुकमामागचं शहाणपण. युद्धाला नकार द्यायचा तर आधी युद्धाच्या पद्धतीने गोष्ट सांगायला नकार द्यायचा. ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि हे रोहण्यात बसून वाचणं! पुलगावला देशातला सगळ्यात मोठा दारूगोळ्याचा साठा, आपला सीएडी कॅम्प. ३१ मे २०१६च्या मध्यरात्री तिथे आग लागली तेव्हा अधिकारी, जवान, आग विझवणारे गेले. युद्ध नसतानाही त्या दारूगोळ्याने माणसं नेली. याच वर्धा जिल्ह्यात, ‘रणांगण’नंतर वर्षभराने, १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध उभं राहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. बॉम्बही आपल्याच मातीत आणि नकारही आपल्याच मातीत. ही पुस्तकं आपण वाचायची नाहीत तर कुणी?

पहाटे रस्त्याने सैन्यभरतीसाठी धावणाऱ्या पोरांना ती आधी द्यायची आहेत. त्यांना अडवायला नव्हे. व्हॉनेगट सैनिक होता, हेलर बॉम्बफेकी विमानातून ६० मोहिमांवर गेला होता, आणि सैनिकाच्या जिवाची किंमत त्यांच्याइतकी क्वचितच कुणी ओळखली असेल. जो उद्या वर्दी घालणार आहे त्याला आपला जीव किती मोलाचा आहे हे त्याच्या आधीच्या सैनिकांनी सांगावं, यापेक्षा मोठी भेट कोणती? सुरुवात ‘रणांगण’ने करा. लहानशी कादंबरी आहे, आणि ती आपली आहे.