तुझ्या उरलेल्या पाण्याबद्दल

प्रिय टोनर ट्रान्सफर,

तुला पत्र लिहायचं तर पत्ता कुठला घालायचा? गोंदियात तू अर्धा झेरॉक्सच्या दुकानात असतोस, अर्धा घरच्या इस्त्रीखाली. मासिकाचा गुळगुळीत कागद लेझर प्रिंटरमध्ये घाला म्हटलं की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो. त्याला काळजी ड्रमची. इंकजेटची शाई तुला चालत नाही. तुला टोनरच लागतो, म्हणजे काजळी मिसळलेली प्लॅस्टिकची पूड. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात पहिली कोरडी नक्कल काढली, तेव्हाही पूड मेणकागदावर घेऊन तापवूनच पक्की केली होती. तुझीही विद्या तेवढीच, फक्त कागदाच्या जागी सर्किट बोर्डचं तांबं.

पण ते तांबं स्वच्छ हवं. घासणीने घासून लख्ख केलेल्या पाटीवर बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी टोनर तिथे धरत नाही. वाफ न सोडणारी इस्त्री, सुती कपड्याची उष्णता, काठाकोपऱ्यांवर जरा जास्त जोर. मग पाटी पाण्यात. कागद फुगला की अंगठ्याने हळूहळू चोळून काढायचा. दोन ट्रॅकच्या मधे कागदाचा पांढुरका तंतू राहिला तर त्याखालचं तांबं, उघडं तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्येही, तसंच राहतं आणि पुढे तिथेच शॉर्ट सापडतो. आणखी एक खोड तुझी: खालच्या बाजूचे ट्रॅक पडद्यावर दिसतात तसेच छापायचे, कारण इस्त्रीखाली ते आपसूक उलटतात. कुणी हौसेने आधीच उलटून छापले की आयसी उताणा बसवायची पाळी येते.

तू स्वस्त आहेस म्हणून तुझं कौतुक करतात, ते मला पटत नाही. चीनमधून बोर्ड मागवले तर दोन्ही बाजूंना ट्रॅक, हिरवा मास्क आणि आतून तांब्याने मढवलेली छिद्रं मिळतात; तू घरच्या ड्रिलने पाडलेल्या छिद्रांपुढे जात नाहीस. तुझा भाव वेळेत आहे. उन्हाळी धान उभं असताना पंपाच्या ऑटो स्विचचं कार्ड जळालं, तर कुरिअरची वाट कोण बघेल? सकाळी छापलेला बोर्ड संध्याकाळी डब्यात बसतो. मात्र रिलेकडचे मेनचे ट्रॅक बाकीच्यांपासून आठेक मिलिमीटर तरी लांब ठेवावेत. तुझ्या अंगावर मास्क नसतो, आणि पंपाच्या डब्यात ओल, पाली, मुंग्या सगळंच येतं.

आता तक्रार. तांबं ३५ मायक्रॉन जाडीचं का असेना, ते नाहीसं होत नाही, फेरिक क्लोराईडच्या बाटलीतल्या पाण्यात उतरतं. तपकिरी पाणी हिरवट झालं की लोक ते मोरीत ओततात. हा जिल्हा तलावांचा आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे गेले, सरकारी कागदांत माजी मालगुजारी झाले आणि बोलण्यात मामा तलाव. त्यांत ढिवरांची मासेमारी चालते, खाली धानाला पाणी जातं. मोरचूद बुरशी मारतो हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही, आणि तुझ्या बाटलीतलं पाणी मोरचुदाचाच भाऊबंद. तांबं माशांच्या कल्ल्यांना बाधतं. एका बाटलीने तलाव मरणार नाही, हे कबूल. पण प्रोजेक्टच्या हंगामात तंत्रनिकेतनातली पोरं तुझ्यामागे लागतात, तेव्हा बाटली एकच नसते.

म्हणून तुझ्या कृतीत शेवटची ओळ घालून घे. पाणी मंदावेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरायचं, तेही प्लॅस्टिकच्या डब्यात. स्टीलचं भांडं हे पाणी खातं. मंदावलं की हातमोजे घालून, उघड्या हवेत, धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने टाकायचा. एकदम ओतला तर फेस डब्याबाहेर येतो. फेस थांबला की गाळ खाली बसू द्यायचा, वाळवायचा आणि सिमेंटमध्ये कालवून गोळा करून ठेवायचा. कॉलेजची प्रयोगशाळा पाणी घेत असेल तर एवढाही खटाटोप नको.

तुझा,
गोंदियातला एक इस्त्रीवाला

(कपडे सोडून बाकी सगळं इस्त्री करणारा)