गोमंतकांतील हिमशाळा

कोल्हापुराहून आंबोलीचा घाट उतरून गोमंतकांत जाणारा प्रवासी मंगेशीचें दर्शन घेऊन परततो. आम्ही पुढें वास्कोजवळील सड्यावर गेलों. तेथें १९९८ सालीं स्थापिलेलें ध्रुवीय व महासागर संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र आहे. डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालीं भारताचें पहिलें पथक १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याहूनच अंटार्क्टिकाकडे निघालें होतें. तेथील ‘मैत्री’ व ‘भारती’ या ठाण्यांची व्यवस्था आज हें केंद्र पाहतें.

केंद्राच्या शीतगृहांत उणें २० अंश उष्णतामानांत त्या खंडांतील बर्फाचे दंडगोल जपून ठेविले आहेत. वर्षानुवर्षें पडलेलें हिम थरांवर थर दडपत जातें आणि त्या त्या काळची धूळ व हवेचे बुडबुडे त्यांत कोंडून राहतात. ही निसर्गानेंच लिहिलेली बखर होय. प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचें प्रमाण मोजून शास्त्रज्ञ तींतून प्राचीन हवामान ताडतात.

इतक्या दूरच्या बर्फाशीं आपलें काय नातें, असें कोणी विचारील. २०१९ व २०२१ सालीं पंचगंगेचें पाणी ज्यांच्या घरांत शिरलें, त्यांस पावसाच्या लहरीचें मोल सांगावयास नको. दक्षिणेकडील महासागर व आपला मोसमी पाऊस यांचा संबंध शोधणें हेंहि येथील एक कार्य आहे. गोमंतकास जाणाऱ्या वाचकांनीं मुलांना या केंद्राची माहिती अवश्य सांगावी.