सुकटीचा वास आणि जपानचे ओदेन

कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली उभे राहिले, तेव्हापासून आपल्या समाजातल्या कितीतरी बायाबापड्या ते पाहून आल्या. भदन्त सुरई ससाई तर १९६० च्या दशकात जपानहून आले आणि नागपूरचेच झाले. जपानचा धम्म आपल्या ओळखीचा झाला. पण तिथला कष्टकरी माणूस थंडीत काय शिजवून खातो, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. मला ते कळले तेव्हा आरमोरीची चूलच आठवली.

त्या पदार्थाचे नाव ओदेन. सुकी मासळी आणि कोंबू नावाचे समुद्री शेवाळ यांचा रस्सा करायचा, त्यात थोडा सोया सॉस. मग मुळ्याचे जाड काप, उकडलेली अंडी, माशाचे वडे, टोफू सोडून मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचे. मुळा आधी तांदळाच्या धुवणात उकडून घेतात, म्हणजे उग्रपणा जातो. कुठे कुठे अरबीही टाकतात. अरबी म्हणजे आपली कोचईच की! रस्सा खळखळू द्यायचा नाही. विस्तव काढल्यावर भांडे निवत जाते तसा रस मुळ्यात उतरतो, म्हणून दुसऱ्या दिवशीचे ओदेन जास्त चांगले लागते.

शिळ्या कोचई-सुकटीबद्दल आमची आई हेच सांगत आली आहे.

आमच्याकडे धानाची कापणी, चुरणे आटोपत आले की या रश्श्याचे दिवस येतात. सुकट आधी तव्यावर कोरडी भाजायची, मग दोन-तीन पाण्याने धुवायची, नाहीतर दाताखाली रेती येते. कोचईचे कांदे उकडून सोलायचे. चिंचेचा कोळ विसरायचा नाही, घसा खवखवतो. लसूण-मिरची वाटून, हळद, घरात असले तर एखादे वांगे, आणि सारे जर्मनच्या गंजात. वरून सांबार. रोवणी-कापणीच्या मजुरीवरून आलेली बाई एवढे चुलीवर ठेवून अंगणात शेकोटीला बसू शकते, हीच याची मोठी सोय. नाटकाच्या रात्री तर हा रस्सा हवाच. झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते आणि मांडवात थंडी कोणाची भीडभाड ठेवत नाही.

जपानात ओदेन घरी होते, तसे गाडीवरही मिळते. चौकोनी भांड्यात खण केलेले असतात. आपण बोट दाखवायचे, एक मुळा, एक अंडे. जेवढे घेतले तेवढ्याचे पैसे, वर पळीभर रस्सा आणि बाजूला झणझणीत मोहरी. कामावरून सुटलेला कामगार आणि कचेरीतला साहेब एकाच भांड्यातले खातात. म्हणून तिथे सगळी समताच आहे, असे मी म्हणणार नाही. बुराकुमिन म्हणून हिणवलेली माणसे त्या देशातही आहेत. पण सुक्या मासळीच्या वासावरून तिथे कोणी कोणाची जात ओळखत नाही.

आपल्याकडे ओळखतात. आमच्या नात्यातला मुलगा शिकायला शहरात गेला. खोली दाखवून झाली, भाडे ठरले, आणि मग घरमालकाने विचारले, "सुकट-बोंबील शिजवत नाही ना?" जात विचारायला आता कायदा आडवा येतो, म्हणून वास विचारतात. त्याहून वाईट हे, की आपलीच शिकलेली पोरे पाहुणे यायच्या दिवशी आईला सुकट करू देत नाहीत. उदबत्ती लावतात!

त्या पोरांना एक सांगावेसे वाटते. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने कोंबूच्या रश्श्यातली चव शोधून काढली आणि तिला उमामी नाव दिले. पुढच्याच वर्षी तीच चव अजिनोमोटो म्हणून विकायला आली. चौमीनच्या गाडीवर तुम्ही मिटक्या मारत खाता ती हीच. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुक्या मासळीतही त्याच चवीचे दुसरे द्रव्य सापडले. तिकडे ज्याच्यावर प्रयोगशाळेत अभ्यास झाला, त्यासाठी आपण इकडे दार लावून घ्यायचे का?

या हिवाळ्यात मी आमच्या गंजात मुळ्याचे जाड काप धुवणात उकडून टाकले, चार अंडीही सोडली. ज्या उपासकांना मासळी चालत नाही त्यांनी सुकट वगळावी, मुळा-कोचई तशीही चांगली होते. दुसऱ्या दिवशी आईने मुळा खाल्ला, आणखी एक घेतला, आणि म्हणाली, "त्या जपानवाल्यांना चिंच मिळत नाही का गा?"